आरएक्स १०० ची कॅफे रेसर करायचीय: चासी न कापता कुठपर्यंत जाता येईल? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. यामाहा आरएक्स १००, १९९२ मॉडेल, एमएच १३ पासिंग. आरसी २०२७ पर्यंत रिन्यू आहे. बोअर एकदा झालाय, सध्या ०.५० चा (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा) पिस्टन आहे. चासी सरळ आहे, टाकीला आतून थोडा गंज.

डोक्यात आहे ते असं (कॅफे रेसर, म्हणजे पुढे वाकून चालवायची, रेसिंगच्या धाटणीची गाडी): क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या दोन पाइपांवर वेगवेगळे आवळायचे दोन तुकडे), मागे सरकवलेले फुटरेस्ट, कुबडवाली सिंगल सीट, एअर बॉक्स काढून पॉड फिल्टर (थेट कार्बोरेटरच्या तोंडावर बसणारा), आणि सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून ऑइलची टाकीही काढायची. मागे १००/९०-१८ टायर. वेल्डरचं म्हणणं, शॉकअपच्या मागून चासी कापून गोल पाइप जोडू, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

इंजिनात एक त्रास आहे. थंड असताना नीट चालते. गरम झाली की सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर रेस खाली यायला वेळ लागतो, कधी कधी वरच अडकून राहते. कार्बोरेटर दोनदा साफ केला, केबलही नवीन टाकली. फरक नाही.

विचारायचं हे की सुरुवात कुठून करू, आणि वरच्यापैकी काय करू नये?

---

टूस्ट्रोक_अण्णा

सुरुवात इंजिनापासून करा. हँडल आणि सीट महिनाभर थांबली तरी चालतील. गरम झाल्यावर रेस अडकते, कार्बोरेटर साफ आहे, केबल नवीन आहे, म्हणजे इंजिन कुठून तरी फुकटची हवा घेतंय. अशा गाडीला पॉड फिल्टर लावून मोकळ्या रस्त्यावर फुल रेस दिली की पिस्टन जॅम होणारच.

हवा घेण्याच्या जागा तीन: कार्बोरेटरचा रबर जॉइंट, रीड व्हॉल्व्हचं (मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पात्यांचं) पॅकिंग आणि क्रँकचे दोन ऑइल सील. यामाहात क्लच उजवीकडे, मॅग्नेट डावीकडे, आणि दोन्ही सीलची लक्षणं वेगळी. उजवा सील गेला की क्रँक गिअर ऑइल ओढतो. सायलेन्सरातून पांढरट दाट धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. डावा गेला की नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस अडकते. तुमचं वर्णन डाव्या सीलकडे बोट दाखवतंय, पण अंदाजाने इंजिन उघडू नका. आधी प्रेशर टेस्ट करा.

खर्च नगण्य आहे. घड्याळवालं जुनं बीपीचं यंत्र घ्या, पट्टा काढून फुगा आणि घड्याळ ठेवा. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा. कार्बोरेटर काढून रबर जॉइंटमध्ये दुसरं बूच बसवा आणि त्याच बुचातून नळी आत घ्या. प्लग जागेवर घट्ट. पिस्टन सगळ्यात खाली आणून ठेवा, म्हणजे पोर्ट उघडे राहून सिलेंडरही तपासला जातो. आता ३०० मिमीपर्यंत हवा भरा. ते साधारण ५.८ पीएसआय होतं. टू-स्ट्रोकच्या टेस्टला ६ पीएसआय धरतात, तेव्हा यंत्राचं घड्याळ अगदी पुरेसं आहे. याच्या वर जाऊ नका, चांगला सीलही उलटा होऊन जागचा सुटतो. ६ मिनिटांत काटा ५० मिमीच्या आत उतरला तर इंजिन हवाबंद आहे. भराभर उतरला तर मॅग्नेटचं कव्हर आणि मॅग्नेट काढून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतील. मात्र आधी दोन्ही बुचांच्या कडेला साबण लावून पाहा. निम्म्या वेळा गळती बुचातच असते आणि सीलला विनाकारण नावं ठेवली जातात.

सील बदलताना दोन्ही बदला. क्रँकचा रॉड वर-खाली हलवून पाहा. तिथे जराही खडखड नको. बाजूला थोडी हालचाल असतेच, तिला घाबरू नका.

बोअर पुन्हा करायची वेळ आली तर बोअरिंगवाल्याला पोर्टच्या कडा मारून द्यायला आठवणीने सांगा. ही गोष्ट सर्वात जास्त राहून जाते. बोअर केल्यावर पोर्टची कड ब्लेडसारखी धारदार होते, रिंग तिथे अडकते आणि पहिल्या शंभर किलोमीटरात तुटते. मग दोष रिंगच्या कंपनीवर जातो. बारीक कानस आणि पॉलिश पेपरने कडेला अर्धा मिलिमीटरचा उतार दिला की काम झालं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड पिनवर, आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) लॉकचं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली. लॉक कायम नवीन.

पिस्टन आणि बोअरमधली फट पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेली असते, तेवढीच ठेवायची. "आपल्याकडे ऊन फार, थोडा ढिला मारतो" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ढिला पिस्टन आपटतो आणि त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, तुटतो. उन्हावरचा उपाय बरोबर जेटिंग (कार्बोरेटरच्या जेटचं माप जुळवणं) आणि चांगलं ऑइल.

---

लेथ_पूर्वभाग

अण्णांनी इंजिनाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

चासी कापू नका. कायद्याचं कोणीतरी सांगेलच, पण कामाच्या दृष्टीनेही गरज नाही. मूळ सीट ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांवर नवा सीट बेस बसवा, मागचा मूळ मडगार्ड काढून आखूड लावा, कुबड बेसलाच जोडलेलं ठेवा. लांबून पाहणाऱ्याला पाइप कापलाय की झाकलाय हे कळत नाही. उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर पाना घेऊन तासाभराचं काम.

तरीही कधी गोल पाइप जोडायचाच झाला (दुसऱ्या गाडीला, कोणाला तरी) तर पद्धत अशी. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या मागे किमान ४० मिमी मूळ पाइप शिल्लक ठेवायचा. जोडाच्या आत ५० ते ६० मिमी लांबीचा घट्ट बसणारा तुकडा घालायचा, बाहेरच्या पाइपला दोन भोकं पाडून तिथून तो तुकडा आतल्या आत वेल्ड करायचा, आणि मग गोल जोड आर्गनने किंवा सीओटूने मारायचा. नुसतं तोंडाला तोंड लावून साध्या रॉडने मारलेला जोड दिसायला छान असतो, पण कंपनाने वेल्डच्या शेजारी चीर जाते. टू-स्ट्रोक सिंगलला कंपन भरपूर. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि सीडीआय (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही सोडून ठेवायचे.

कोणताही पाइप, सीट किंवा मडगार्ड पक्का करण्याआधी एक तपासणी चुकवू नका. दोन्ही मागचे शॉकअप काढा, स्प्रिंग उतरवा आणि स्प्रिंगशिवाय परत लावा. आता चाक हाताने वर उचला, शॉकअप पूर्ण दबेपर्यंत. या स्थितीत टायर आणि वरच्या कोणत्याही वस्तूत २५ मिमी फट हवी. उभ्या गाडीवर चार बोटं जागा दिसते, म्हणून लोक खूश होतात. मग खड्ड्यात मागे कोणी बसलेलं असताना टायर वायरिंग चाटून जातो.

हँडल. क्लिप-ऑन घेण्याआधी फोर्कचा पाइप व्हर्नियरने मोजा, दोन-तीन ठिकाणी. १ मिमी मोठा क्लिप-ऑन पत्रा घालून आवळला तर तो ब्रेक मारताना फिरतो. दुसरी अडचण हेडलाइटच्या कानांची. ते दोन टींच्या (फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या) मधे फोर्कवरच बसलेले असतात. क्लिप-ऑन वरच्या टीखाली घेतला की त्यांची जागा जाते आणि हेडलाइटला वेगळं ब्रॅकेट करावं लागतं. वरच्या टीवर घ्यायचा तर फोर्क वर सरकायला हवा, आणि जुन्या छोट्या जपानी गाड्यांत बरेचदा फोर्कचा पाइप वरच्या टीला टेकून वरच्या बोल्टने धरलेला असतो, तो सरकतच नाही. वरचा बोल्ट उघडून आधी हे पाहा, मग पैसे खर्च करा.

माझं मत स्पष्ट आहे: या गाडीला क्लिप-ऑनऐवजी क्लबमन हँडल लावा. खाली वाकलेलं, एम आकाराचं. आरएक्सचं हँडल २२ मिमीचं आहे, तेव्हा मूळ क्लँपमध्येच बसतं. मूठ जवळपास क्लिप-ऑनच्याच उंचीला येते. होंडाने १९७५ मध्ये सीबी ४०० एफ काढली, तिच्यात कंपनीनेच बुटकं सपाट हँडल आणि जरासे मागे घेतलेले फुटरेस्ट दिले होते. तिचा बाजूने काढलेला फोटो समोर ठेवून आपल्या गाडीची रेषा बघा. किती थोड्या बदलात गाडीचा चेहरा पालटतो ते समजेल.

हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून मूठ आणि टाकीमध्ये अंगठा सहज जाईल, म्हणजे २५ ते ३० मिमी, एवढी जागा ठेवा. नाहीतर गल्लीत वळवताना अंगठा चेंगरतो आणि क्लच सोडता येत नाही. केबल आखूड लागतील. जुन्या लांब केबलचे वेटोळे करून ठेवले तर क्लच जड होतो.

पुढचा मडगार्ड काढायचा मोह टाळा. त्याचं लोखंडी ब्रॅकेट दोन्ही फोर्कना एकत्र बांधून ठेवतं. आरएक्सचे फोर्क बारीक आहेत. ब्रॅकेट गेलं की ब्रेक मारल्यावर पुढचं चाक पिळल्यासारखं होतं. पत्रा छोटा करा, ब्रॅकेट राहू द्या.

फुटरेस्टचं सविस्तर नंतर लिहितो.

---

होटगीरोडकर

टेस्ट केली. बुचं साबण लावून तपासली, कोरडी होती. ३०० वरून १ मिनिटात काटा १८० वर आला. मॅग्नेट काढून पाहिलं तर क्रँकभोवती बारीक बुडबुड्यांची माळच. दोन्ही सील आणि पॅकिंगचा सेट मागवलाय.

अण्णा, आता पॉड फिल्टर आणि ऑइल टाकीचं सांगा. ऑइल टाकी काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं तर काय बिघडतं?

---

टूस्ट्रोक_अण्णा

१ मिनिटात १२० उतरला म्हणजे फारच गळती. वेळेत कळलं.

ऑइल टाकी काढू नका. आरएक्सचा ऑटोल्यूब पंप रेसप्रमाणे आणि इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे ऑइल देतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल मात्र पेट्रोल आत जाईल तेवढंच जातं. तुळजापूरहून परत येताना घाट उतरताना रेस बंद, गिअरमध्ये गाडी, इंजिन मात्र जोरात फिरतंय. त्या वेळी पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. पंप असेल तर थोडं का होईना ऑइल चालू राहतं. शिवाय प्रत्येक वेळी पंपावर मापाची बाटली घेऊन उभं राहायचं: १ लिटरला २५ मिलि म्हणजे ४० ला १, २० मिलि म्हणजे ५० ला १. एकदा विसरलात की बोअर गेला. दिसण्यापुरती टाकी साइड कव्हरआड काळ्या रंगात लपवा.

पॉड फिल्टरबद्दलही तेच. एअर बॉक्स म्हणजे नुसता डबा नाही, त्याचं माप कार्बोरेटरशी जुळवलेलं असतं. तो काढला की मधल्या रेसला खड्डा पडतो आणि वरच्या रेसला मिश्रण पातळ होतं. वर सोलापूरची धूळ. स्वस्तातल्या पॉडमधून ती सरळ आत जाते आणि रिंग घासते. तरी लावायचाच असेल तर फोमचा, ऑइल लावायचा पॉड घ्या, आणि जेटिंग पुन्हा करा.

मिकुनीच्या व्हीएम कार्बोरेटरमध्ये कोणती रेस कोणाच्या हातात हे आधी समजून घ्या. बंद ते अष्टमांश रेस पायलट जेट आणि एअर स्क्रू पाहतो. तिथून पावपर्यंत स्लाइडचा कापलेला भाग. पाव ते पाऊण सुई. त्यावर मेन जेट. एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घेतला की घट्ट. सुईची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर येते आणि मिश्रण घट्ट होतं. बरेच जण हे उलटं लक्षात ठेवतात.

सध्याच्या मेन जेटवरचा नंबर भिंगातून वाचून लिहून ठेवा. पॉड लावल्यावर दोन नंबर मोठा टाकून सुरू करा. नेहमी घट्टकडून पातळकडे यायचं. उलट दिशेने गेलात तर प्रयोगातच पिस्टन जातो. फुल रेसला भडभड करत, अडखळत चालली तर अजून घट्ट आहे, एक नंबर उतरा. मग प्लग पाहा: नवीन प्लग, तिसरा गिअर, १५ ते २० सेकंद फुल रेस. त्याच रेसवर असताना चावी बंद, लगेच क्लच दाबा, कडेला घ्या आणि प्लग काढा. चिनीमातीच्या अगदी मुळाशी गोल रिंग पाहायची. चहाच्या रंगाची बरोबर, पांढरी किंवा चकचकीत ठिपके असतील तर पातळ, काळी ओली असेल तर घट्ट. सिग्नलला थांबत थांबत घरी येऊन पाहिलेला प्लग फक्त आयडलिंगचं सांगतो. विजापूर रोडला हत्तूरच्या पुढे सकाळी लवकर जा, मागून गाडी येत नाही ना ते पाहूनच.

एक गोष्ट इथल्या हवामानाची. मे महिन्यात दुपारी ४२ अंशाला हवा विरळ असते, डिसेंबरात पहाटे १५ अंशाला तीच सुमारे ९ टक्के दाट होते. म्हणजे मेमध्ये अगदी काठावर बसवलेलं जेट डिसेंबरात पातळ पडतं. गाड्या उन्हाळ्यात जॅम होतात असं सगळे म्हणतात, पण उन्हाळ्यात जेट लहान करून गड्डा यात्रेच्या दिवसात (जानेवारीत) पहाटे पळवलेली गाडी जास्त धोक्यात असते. जेटिंग थंडीत करा. उन्हाळ्यात थोडी घट्ट चालली तर थोडा धूर होईल, इंजिन वाचेल.

---

फायबर_शास्त्रीनगर

सीटचं मी सांगतो.

साचा करताना थर्माकोल वापरलात तर पॉलिस्टर रेझिन पडताच तो विरघळून खड्डा होतो. पीयू फोम घ्या, किंवा थर्माकोलवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी एकही फट न ठेवता दोन थर लावा. वर मेणाचे तीन हात. टाकीवरही आधी प्लास्टिक आणि मेण, नाहीतर सीट टाकीलाच चिकटून बसेल.

काचतंतूची मॅट, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, तीन थर. सिंगल सीट आणि कुबड मिळून साधारण ०.३५ चौरस मीटर धरा. तीन थरांना सुमारे ४७० ग्रॅम मॅट आणि तिच्या अडीचपट, म्हणजे १.२ किलो रेझिन लागतं. जिथे बोल्ट येणार तिथे दोन थर जास्त आणि मधे पत्र्याची पट्टी दाबा.

सगळं रेझिन एकदम कालवू नका. २०० ग्रॅमचे डाव करा. हार्डनर थंडीत २ टक्के, पण एप्रिल-मेमध्ये १ टक्का, म्हणजे २०० ग्रॅमला २ मिलि. उन्हाळ्यात जास्त टाकलंत तर डब्यातच पाच मिनिटांत वाफ येऊन दगड होतो, आणि साच्यावर असेल तर आकसून तडा जातो. काम सकाळी सात ते नऊ.

आता नीट ऐका. दुकानदार कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या देतो. त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हीसाठी वेगळे चमचे, वेगळी मापं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा लावा.

फोम: खाली २५ मिमी रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेला कडक), वर १५ मिमी मऊ. नुसता मऊ ४० मिमी लावला तर मोहोळपर्यंत जाईस्तोवर खाली फायबर टोचायला लागतं. काळं रेक्झिन उन्हात उभ्या गाडीवर हात ठेवू देत नाही, तपकिरी घ्या.

टाकीची खालची कड आणि सीट एका सरळ रेषेत यावी म्हणून बरेच जण टाकी मागून रबर लावून उचलतात. १० मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे पेट्रोल पुढच्या कोपऱ्यात साचतं, कॉकपर्यंत येत नाही, आणि टाकीत पेट्रोल असताना गाडी बंद पडते. गंज काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व १ लिटर गरम पाण्याला १०० ग्रॅम, रात्रभर. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आत फिरवा. वाळवायला उशीर झाला की तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो.

---

आरसीबुक_१३

कागदाची बाजू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. चासी कापणं याच्यात सरळ येतं. "जुनी गाडी आहे, व्हिंटेजमध्ये चालते" हा गैरसमज आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, आणि तीही मूळ स्वरूपात मोठा बदल न झालेली गाडी. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली.

तुमची आरसी २०२७ ला संपते. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्युअल, आणि त्या वेळी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. म्हणून लेथवाल्या दादांचा बोल्टवरचा उपाय मलाही पटतो. मूळ सीट, हँडल, मडगार्ड, एअर बॉक्स, फुटरेस्ट विकू नका. गोणीत बांधून माळ्यावर ठेवा. आरसीवर दोन जणांची आसनक्षमता आहे, तेव्हा कुबड काढून मागे बसता येईल असं, चार बोल्टवर सुटणारं करा. आरसे आणि इंडिकेटर ठेवा. मागची हायसिक्युरिटी नंबर प्लेट २०० x १०० मिमीची आहे, तिची जागा आखूड मडगार्ड बनवतानाच मोजून ठेवा. नंतर ती कुठेच सरळ बसत नाही.

चासी रंगवायला किंवा सँडब्लास्टला देताना हँडलच्या गळ्यावरच्या चासी नंबरला ग्रीस लावून वर जाड टेपचे तीन थर द्या, आणि आधी फोटो काढा. सँडब्लास्टने अंक पुसट झाले किंवा पावडर कोटिंगने भरले तर रिन्युअलला अडकाल, आणि चोरीच्या गाडीचा संशय येतो तो वेगळाच.

पीयूसीला तुमच्या काळच्या टू-स्ट्रोकला आयडलिंगला सीओ ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. पायलट बरोबर असेल तर आरएक्स आरामात पास होते. सायलेन्सरची आतली जाळी काढू नका. आवाजावर कारवाई होते, आणि गाडीचा खालचा पिकअपही जातो.

---

लेथ_पूर्वभाग

फुटरेस्टचं राहिलं होतं.

आधी जागा ठरवा. गाडी मधल्या स्टँडवर, नवीन हँडल लावलेलं, सीटच्या जागी फळी आणि फोम. चासीला लाकडी पट्टी सी-क्लँपने आवळून तिच्यावर पाय ठेवून बसा. मूळ जागेपासून १५० मिमी मागे आणि ५० मिमी वर इथून सुरू करा, आणि अर्धा तास खरंच बसा. गुडघा दुखला तर खाली या. अर्धा तास गेला तरच माप प्लेटवर घ्या.

प्लेट ८ मिमी ॲल्युमिनियम, ६०६१ किंवा ६०८२ ग्रेड. भंगारातली ओतीव पट्टी नको, ती न वाकता एकदम तुटते. बोल्ट एम ८. बुश आणि पिव्होट ईएन ८ पोलादाचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात यंत्रमागाचे पार्ट करणाऱ्या लेथवर हे काम होतं, फक्त नमुना हातात द्या, तोंडी माप सांगू नका.

गिअरच्या जोडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो. गिअर शाफ्टवर दातेरी खाचा असतात, म्हणून दुसरा जुना गिअर लिव्हर घेऊन त्याचा बुडखा कापा आणि त्याला छोटा हात वेल्ड करा. तुमचा मूळ लिव्हर कापू नका. पेडलचा हात आणि शाफ्टचा हात दोन्ही वर किंवा दोन्ही खाली ठेवा, म्हणजे गिअर मूळ क्रमाने पडतील. एक वर एक खाली झाला की सगळं उलटं. दोन्ही हातांची लांबी मध्य ते मध्य सारखी, आणि न्यूट्रलमध्ये रॉड दोन्ही हातांशी काटकोनात. तिरका राहिला तर वरचे गिअर पडतात, खालचे अर्धवट बसतात. रॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे न उघडता लांबी जुळवता येते.

मागच्या ब्रेकला पेडलची लांबी आणि त्याच्या छोट्या हाताची लांबी यांचं प्रमाण मूळ ठेवा. पेडल आखूड केलंत तर पायात जोर लागतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा हात आणि रॉड यांच्यात काटकोन यावा, त्याच्या पुढे गेला की दाबूनही जोर वाढत नाही.

आणि टायर. १००/९०-१८ नको. आरएक्सच्या अरुंद रिमवर तो चिमटला जातो, टायर मधेच टोकदार होतो आणि वळणावर कडा वापरल्या जात नाहीत. मूळ मागे २.७५-१८ आहे, फार तर ३.००-१८ लावा. ११ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जड टायर ओढायला लावून उपयोग नाही. पैसे पुढच्या ब्रेकवर घाला: १३० मिमीचा ड्रम लेथवर घासून गोल करा, नवीन लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून बसवा. नवीन लायनर तसेच टाकले तर फक्त मधला भाग टेकतो, आणि लोक ड्रमला बेकार म्हणतात.

---

जुळेसोलापूर_३५०

मधेच विचारतो, राजदूत आरडी ३५० ला पुढे ड्रमच आहे, पण तो डबल लीडिंग (दोन्ही लायनरना वेगळा कॅम असलेला). नवीन लायनर टाकले तरी ब्रेक स्पंजासारखा लागतो. काय राहिलं असेल?

---

लेथ_पूर्वभाग

दोन कॅमना जोडणारा बाहेरचा रॉड जुळवलेला नसेल. त्यामुळे एक लायनर आधी टेकतो आणि दुसरा उशिरा. चाक उचला. रॉडची लॉकनट ढिली करून रॉड सोडवा. पहिला हात हाताने दाबून चाक नुकतं अडेपर्यंत आणा आणि तिथेच धरा. दुसरा हातही तसाच त्याचा लायनर टेकेपर्यंत. या स्थितीत रॉडची लांबी फिरवून पिन सहज, जोर न लावता बसेल अशी करा. लॉकनट आवळा, मग केबल जुळवा. ॲक्सलची नट आवळताना कोणीतरी ब्रेक दाबून धरा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. आरडीची चासी तर चुकूनही कापू नका मालक, तशी गाडी पुन्हा मिळत नाही.

---

होटगीरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: चासी, ऑइल टाकी, एअर बॉक्स तसेच. क्लबमन हँडल, बोल्टवरची सीट, ३.००-१८ टायर. सील बसवून पुन्हा टेस्ट केली, ६ मिनिटांत ३०० वरून २८० वर. रेस आता लगेच खाली येते.

लाकडी पट्टी लावून बसून पाहिलं. १५० मागे बरोबर वाटतं, पण उजवीकडे किक मारताना तिचा हात नव्या फुटरेस्टवर आपटतोय. फुटरेस्ट अजून मागे घेऊ का?

---

लेथ_पूर्वभाग

मागे घेऊ नका, गुडघा फार दुमडेल. उजवा फुटरेस्ट घडीचा करा, वर आणि मागे दुमडणारा, आत स्प्रिंग आणि छर्रा. किक मारताना दुमडायचा, मग खाली पाडायचा. किकचा हात गरम करून वाकवू नका, त्याच्या दातेरी बुडख्याचा कडकपणा जातो आणि पुढे शाफ्ट घासतो. घडीची पिन ८ मिमीची ठेवा, ६ ची वाकते. आणि घडी सरळ मागे नको, ४५ अंश वर-मागे द्या, म्हणजे वळणावर फुटरेस्ट जमिनीला लागला तरी तो दुमडेल, गाडी उचलली जाणार नाही.